पहिल्या रांगेतला हात

शेवटची पायरी अजून बाकी आहे असं समजून पाय सोडावा आणि जमीन आधीच लागावी, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत एक झणका जावा, तसं त्या रविवारी दुपारी त्याच्या उजव्या हाताला झालं. सभागृह भरलेलं होतं. मास्तरांचं मृदंगमवरचं एकट्याचं वादन संपत आलं होतं. तीनदा फिरून येणारी शेवटची समाप्ती, तिचा तिसरा फेरा, आणि मग थाप. लोक टाळ्या वाजवायला लागले. गाणारीने त्याच क्षणी गाण्याची ओळ उचलली, व्हायोलिनवाल्याने मान खाली घालून गज ओढला. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त त्याचा हात मांडीवर पडलेला होता, आणि तो हात तिथे नको त्या वेळी पडला आहे असं त्या हातालाच वाटत होतं. त्याने वर पाहिलं. मास्तर समाप्तीनंतर नेहमी त्याच्याकडे पाहून एक भुवई वर करायचे. गेल्या एकतीस वर्षांत ती भुवई चुकली नव्हती. त्या दिवशी मास्तरांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं, आणि मग मृदंगमच्या डाव्या तोंडावर थापलेला रव्याचा ओला गोळा उगाच अंगठ्याने दाबत बसले.

तो वीजमीटर तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होता. निवृत्तीला आठ महिने उरले होते. सभागृहात सगळे त्याला मीटरवाला म्हणत, आणि पहिल्या रांगेतली डावीकडून चौथी खुर्ची त्याच्यासाठी कोणी न सांगता रिकामी राही. हे दक्षिणी संगीत त्याच्या घरचं नव्हतं. घरात कोणाला गाण्याचं वेडही नव्हतं. सभागृहाचं बिल फार येतं, मीटर पळतो, अशी तक्रार आली म्हणून तो एकतीस वर्षांपूर्वी तिथे गेला होता. जिन्याखालच्या अंधाऱ्या खोपटात बसून तबकडीचे फेरे मोजत होता. तबकडीवर एक काळी खूण असते, ती समोर आली की एक. आत कोणीतरी वाजवत होतं. चाळिसाव्या फेऱ्याला त्याचं मोजणं तुटलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तुटलं. शेवटी वैतागून तो आत गेला आणि म्हणाला, जरा पाच मिनिटं थांबता का, मला मोजायचं आहे. तेव्हाचे मास्तर काळ्याभोर केसांचे होते. ते म्हणाले, "मलाही मोजणाराच हवाय. माझा आज आला नाही. बस इथे." आणि त्यांनी त्याचा हात त्याच्याच मांडीवर ठेवून शिकवलं. एक टाळी, मग करंगळी, तिच्याशेजारचं बोट, मधलं बोट. मग टाळी आणि हात उताणा, टाळी आणि हात उताणा. झाले आठ. "मी काहीही करीन," मास्तर म्हणाले, "तुला हसवीन, रडवीन, धक्के देईन. तू आठच मोजायचे. जमेल?" तो म्हणाला, "आमचं कामच ते आहे."

त्या दिवसापासून तो ऐकायला शिकला. मास्तरांचं मोठेपण त्याला पहिली चार-पाच वर्षं कळलंच नाही. जलद हात सगळ्यांचेच असतात. मग एकदा एका संथ गाण्यात त्याच्या लक्षात आलं की मास्तर जवळजवळ वाजवतच नाहीत. गाणारा एक ओळ पुन्हा पुन्हा घोळवत होता, आणि मास्तर उजव्या तोंडाच्या काळ्या शाईच्या कडेला एकच बोट टेकवत होते, तेही ओळीतला श्वास जिथे संपतो तिथे. डाव्या हाताचं मनगट कातड्यावरून पुढे सरकलं की आवाज वाकायचा, झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसा. ते गाण्याला ढकलत नव्हते आणि गाण्याच्या मागूनही चालत नव्हते. गाण्याखाली जमीन अंथरत होते, ती पाय पडायच्या बरोबर आधी. पुढे त्याला इतरांचं वादन ऐकताना तक्रार सुचायला लागली, मग तक्रारही सुचेनाशी झाली, तो फक्त मास्तरांच्या मैफलींना जायला लागला. घरात आजारपणं झाली, बढत्या हुकल्या, मुलगी लग्न करून लांब गेली. दर वेळी त्या आठ मात्रा तशाच होत्या. कितीही गुंतागुंत करून मास्तर परत येत, आणि जिथे येत तिथे त्याचा हात आधीच हजर असे. या गोष्टीवर तो किती रेलून उभा आहे हे त्याला त्या रविवारपर्यंत माहीत नव्हतं.

त्या गाण्याची गंमत अशी होती की ते टाळीवर सुरू होत नव्हतं. टाळी पडायची, अर्धी मात्रा रिकामी जायची आणि मग पहिला शब्द. म्हणजे समाप्तीची थापही टाळीनंतर अर्ध्या मात्रेने पडायला हवी. तशी ती पडली होती. हात मांडीवर आणि मग थाप, सगळं बरोबर. मग तो झणका कशाचा? बसची वाट पाहत उभा असताना त्याने ती समाप्ती मनात पुन्हा मोजली. बरोबर आली. पुन्हा मोजली, तर अर्धी मात्रा उरली. तिसऱ्यांदा मोजायला सुरुवात केली आणि तो मध्येच थांबला, कारण पाचावर आहोत की सहावर हे त्याला आठवेना. बस आली आणि गेली.

त्याचे वडील पायऱ्या मोजायचे. घराला बावीस पायऱ्या होत्या आणि कामावरून येताना ते पुटपुटत चढायचे. त्यामागे कारण काही नाही, सवय. एका संध्याकाळी ते पंधराव्या पायरीवर थांबले आणि वरून खाली येणाऱ्या त्याला म्हणाले, "पुढे किती असतात रे?" त्याला वाटलं, थट्टा करतायत. तो म्हणाला, "तुम्हीच सांगा." ते हसले, पण कठड्यावरचा हात सुटेना. पुढे सगळं गेलं, नावं, नाती, आंघोळ, पण सुरुवात तिथून झाली होती, पंधरा आणि सोळा यांच्यामधून. शेवटच्या दिवसांत ते अंथरुणावर पडून बोटं मोजायचे आणि चौथ्या बोटाला रडायचे. त्या पंधराव्या पायरीचं त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. साठाव्या वर्षी त्यांचं सुरू झालं. त्यालाही आता साठावं चालू होतं.

"काय हो, दाराबाहेर पुतळा बसवायचा आहे का?" बायकोने दार उघडून विचारलं. तो शेवटच्या पायरीवर उभा होता.

"आलो."

"कशी झाली मैफल?"

"छान झाली."

"छान?" ती त्याच्या हातातली पिशवी घेत म्हणाली. "एरवी जेवण होईपर्यंत टेबल बडवत सांगत असता. आज एका शब्दात आटपलं. मास्तरांशी भांडलात का?"

"आपल्या जिन्याला पायऱ्या किती?"

"मला काय ठाऊक. गुडघ्यांना विचारा, ते रोज मोजतात." ती हसली, मग हसू आवरून त्याच्याकडे बघत राहिली. तिने त्याच्या वडिलांचं सगळं केलं होतं. जेवताना तिने सहज विचारावं तसं विचारलं, आज तारीख काय हो, आणि त्याने सांगितली, आणि ती बरोबर होती, आणि तिने मान हलवली. ही आता रोज तपासणार.

सभागृहाचा ध्वनिवाला प्रत्येक मैफलीचं चित्रण करायचा आणि मागेल त्याला पाठवायचा. सोमवारी सकाळी ते त्याच्या फोनवर आलं. सोमवार गेला, मंगळवार गेला, त्याने ते उघडलं नाही. फोन खिशात असला की मांडीला गरम लागायचा. प्रयोगशाळेत लांबच लांब बाक होता, त्यावर वीस मीटर ओळीने टांगलेले आणि टोकाला प्रमाण मीटर, ज्याच्याशी बाकीचे ताडून पाहायचे. तबकड्या जाऊन आता लाल दिवे आले होते, पण काम तेच. प्रमाण मीटर शंभर म्हणाला तेव्हा हा किती म्हणाला? एकतीस वर्षांत त्याने कोणाच्या सांगण्यावरून एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. वरचे साहेब ओरडले, गिऱ्हाइकांनी पाया पडून पाहिलं. त्याचं शिशाचं सील लागलं की विषय संपला. मंगळवारी त्याने एकाच मीटरचं वाचन चार वेळा घेतलं. चारही वेळा सारखंच आलं, म्हणून त्याने पाचव्यांदा घेतलं.

शेजारच्या टेबलावरची बाई वीस वर्षं त्याच्यासोबत होती. दिवसातून पन्नास वेळा ती "शून्य घेतलं का?" असं विचारायची, म्हणून सगळे तिला शून्यबाई म्हणत. घड्याळ, तराजू, मीटर, काहीही मोजण्याआधी काटा शून्यावर आणायचा, हे तिचं सगळं तत्त्वज्ञान. बुधवारी तिने त्याच्या हातातला सांडशीसारखा सील-चिमटा काढून घेतला. "साहेब, एकच सील दोनदा दाबलंत. तिसऱ्यांदा दाबलंत तर मीटर ओरडेल. काय झालंय?"

त्याने फोन तिच्यापुढे ठेवला. "तुम्हाला गाण्यातलं काही कळतं?"

"आमच्या घरात नळ गळतो तेवढंच संगीत."

"म्हणूनच. आवाज बंद करा. हा पहिल्या रांगेतला हात दिसतो ना, फक्त तो बघा. प्रत्येक वेळी खाली आला की नोंद घ्या. टायमर लावून. बाकी कशाकडे बघू नका."

"हात कोणाचा?"

"ते नंतर."

"शून्य घेतलं का?" ती म्हणाली आणि कामाला लागली. तो खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. खाली अंगणात नादुरुस्त मीटरांचा ढीग होता. त्याला वाटलं, आता ती म्हणेल की हात सगळीकडेच अडखळतोय. त्याला तेच हवं असल्यासारखं वाटलं, निदान संपलं असतं. वीस मिनिटांनी तिने हाक मारली. कागदावर आकड्यांच्या दोन ओळी होत्या.

"हात चांगला आहे," ती म्हणाली. "अगदी प्रमाणाला ठेवण्यासारखा. सेकंदाला एक, शतांशाचा फरक. फक्त इथे बघा, शेवटी. इथे त्याने अर्धा सेकंद मारलाय. आणि साहेब, हा चुकलेला नाही. चुकलेला हात डगमगतो. ह्याने सरळ उडी मारलीय. कोणाला तरी सांभाळून घेतल्यासारखी. ह्या हाताने चोरी केलीय."

मग त्याने आवाज सुरू करून ऐकलं, एकदाच. मास्तर तिसऱ्या फेऱ्यात अर्धी मात्रा खाऊन लवकर आले होते. त्यांची थाप टाळीवरच पडणार होती, आणि हे त्याच्या डोक्याला कळायच्या आधी त्याच्या हाताला कळलं होतं, आणि हाताने घाईघाईने आधीच टाळी देऊन टाकली होती, मास्तर बरोबर ठरावेत म्हणून. म्हणजे त्याचं डोकं ठीक होतं. हायसं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. पण मग भीती बाहेरून फिरून मागच्या दाराने आत आली आणि पहिल्यापेक्षा ऐसपैस बसली. मास्तर चुकले होते. आणि ज्या हाताने एकतीस वर्षं एक आकडा बदलला नाही, त्याने त्यांच्यासाठी खोटं वाचन दिलं होतं, त्याला न विचारता. याआधी किती वेळा?

गुरुवारी कामावरून सुटल्यावर तो मास्तरांकडे गेला. त्यांच्या मुलीने दार उघडलं. "बरं झालं आलात काका. बाबा चार दिवस मृदंगमला हात लावत नाहीत. नुसते बसतात." मास्तर खुर्चीत होते. केस आता पांढरे, बोटं मात्र तीच, टोकांना चपटी. मृदंगम कोपऱ्यात कापडाखाली झोपवलेला. मुलगी आत जाईपर्यंत ते थांबले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अर्धी."

"अरे वा. मला वाटलं पाव." ते हसले. "तू मीटरवाला. तुझं खरं."

"मास्तर, एखाद्या वेळी होतं."

"एखाद्या वेळी? दोन वर्षं झाली." त्यांनी आवाज खाली आणला. "हात सगळं वाजवतात रे, हातांना काही झालेलं नाही. पण मी कुठे आहे ते हात मला सांगत नाहीत. मध्येच पाटी कोरी होते. मग मी बघतो."

"गाणारेही मांडीवर मोजतात, त्यांच्या हाताकडे?"

"त्यांच्याकडे बघून काय उपयोग? ती पोरं मला घाबरतात. मी जिथे उतरेन तिथे हात नेऊन ठेवतात. मास्तर कसे चुकतील? दोन वर्षं मी तुझ्या हाताकडे बघून परत येतोय. तुला वाटायचं, मी भुवई उडवून शाबासकी देतोय. वेड्या, मी आभार मानायचो." त्यांनी मृदंगमवरच्या कापडाकडे पाहिलं. "रविवारी मी बघितलं, तर हात आधीच खाली होता. मला वाटलं, आलो बरोबर. मग गाणारीने ओळ उचलताना गिळलेला आवंढा ऐकला."

भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं आणि त्याला ते ऐकायचं नव्हतं.

"येत्या रविवारी तेच गाणं आहे," मास्तर म्हणाले. "नाही म्हणायचं तर मुलीला कारण सांगावं लागेल, मग डॉक्टर, मग सगळं. एवढं एक वाजवतो. मी घसरलो तर घसरू दे, लोकांना दिसू दे. पण तू हात हलवू नकोस. पुन्हा माझ्यावर दया केलीस ना, तर मला कुठे जायचं तेच कळणार नाही."

"माझे वडील..." तो म्हणाला आणि थांबला. मास्तर वाट पाहत राहिले. त्याला सांगायचं होतं की प्रमाण मीटरसुद्धा वर्षातून एकदा दुसरीकडे पाठवतात, तपासून आणायला. माझा हात कुठे पाठवू? पण ज्याला कठडा हवाय त्याला कठडा हलतोय हे कसं सांगणार? तो म्हणाला, "येतो मी रविवारी."

"लवकर ये," मास्तर म्हणाले. "चौथी खुर्ची. दुसरीकडे बसलास तर मला दिसत नाही."

रविवारी निघताना बायको म्हणाली, "बावीस आहेत."

"काय?"

"आपल्या जिन्याच्या पायऱ्या. मी मोजल्या. जुन्या घराच्या होत्या तेवढ्याच. उगाच डोकं खाऊ नका, मैफल ऐकून या." तिने त्याच्या शर्टाचा खांदा सरळ केला. तो उतरताना मोजायचं नाही असं ठरवून मोजत गेला आणि बावीस आले, आणि तरी खाली पोचल्यावर एकदा मागे वळून पाहिलं.

सभागृह पुन्हा भरलेलं. गाणारी तीच. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. मास्तरांनी रव्याचा गोळा डाव्या तोंडावर लावला, थापून पाहिला, थोडा काढला, पुन्हा लावला. गाणं सुरू झालं. टाळी, रिकामी अर्धी मात्रा, शब्द. त्याला आजवर इतकं स्पष्ट कधी ऐकू आलं नव्हतं. एकेक बोट वेगळं ऐकू येत होतं. मास्तर विलक्षण वाजवत होते. म्हातारपणाने त्यांच्या हातातली सगळी घाई काढून घेतली होती. घुमणारा डावा आवाज वाकत जाऊन जिथे विरायचा तिथे ते पुढचा बोल ठेवत, आवाजावर नाही, विरण्यावर. मग गाणारी थांबली, व्हायोलिन थांबलं आणि एकट्याचं वादन सुरू झालं. पंधरा मिनिटं त्याने दुसऱ्या कशाचाही विचार केला नाही. टाळी, करंगळी, शेजारचं, मधलं. टाळी, उताणा. टाळी, उताणा. लोक अधूनमधून दाद देत होते. त्याला त्या दादेचा राग येत होता, कड्याच्या टोकावर उभ्या माणसाला कोणी मागून हाक मारल्यावर यावा तसा.

समाप्ती सुरू झाली. पहिला फेरा बरोबर. दुसरा बरोबर. तिसऱ्याच्या मध्यावर त्याला ते ऐकू आलं. एक छोटी जागा, जिथे श्वास हवा होता, तिथे मास्तर न थांबता पुढे गेले. पुन्हा तीच अर्धी मात्रा. त्याच्या दंडातून हात खाली ओढला जायला लागला. नुसता हलव, एवढुसा, कोणाला कळणार नाही, अडीचशे माणसं सुखाने घरी जातील. गाणारीचा हात तिच्या मांडीवरून आधीच उचलला गेला होता, तीही निघाली होती मास्तरांना गाठायला. आता सगळ्या सभागृहात त्याचा एकटाच हात मागे होता. आणि एकट्याला कसं कळावं की आपण बरोबर आहोत? पाच की सहा? पंधरा की सोळा? त्याला वडील दिसले, कठडा धरून उभे. पुढे किती असतात रे? त्याने तेव्हा उत्तर दिलं नव्हतं, तुम्हीच सांगा म्हणाला होता. हात उताणा होता. तो उताणाच ठेवला.

मास्तरांनी पाहिलं. शेवटच्या थापेसाठी त्यांचे दोन्ही हात उचललेले होते आणि त्यांच्या हिशेबाने टाळी पडून गेलेली असायला हवी होती. समोर चौथ्या खुर्चीत तळवा अजून आभाळाकडे उघडा. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. ते त्याने ओळखलं. पंधराव्या पायरीवर त्याने ते एकदा पाहिलं होतं. उचललेले हात तसेच राहिले. सगळं सभागृह श्वास धरून बसलं, आपण काय बघतोय ते न कळता. मग त्याची टाळी पडली, मांडीवर, एकटी, ऐकू येईल इतकी. अर्धी मात्रा. थाप.

गाणारीने ओळ उचलली. टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. मागच्या रांगेतला कोणीतरी शेजाऱ्याला ओरडून सांगत होता, "बघितलंस? कसा थांबला! असं थांबायला सात जन्म घ्यावे लागतात, तेव्हा कुठे!" शेजारी "काय हिंमत, काय हिंमत" म्हणत राहिला. मास्तर मान खाली घालून गाण्याबरोबर वाजवत होते. भुवई वर गेली नाही. जरा वेळाने त्यांनी डोळे उचलले आणि त्याच्या हाताकडे बघितलं. दोन ओळींनंतर पुन्हा बघितलं. मग ते तिथेच बघत राहिले.

गाणं संपलं. लोक उभे राहिले, खुर्च्या सरकल्या, गाणारीने हात जोडले. शेजारचा माणूस त्याला म्हणाला, "चला, मीटरवाले, जिंकलं आज मास्तरांनी!" त्याने मान हलवली. त्याचा हात मांडीवर मोजतच होता. टाळी, करंगळी, शेजारचं बोट. मंचावरचे दिवे एकेक करून मालवले जात होते आणि मास्तर अजून तिकडेच बघत होते, म्हणून त्याला हात थांबवायचा धीर होईना.